सशाचा विणकाम-संच: कागदाला पैकीच्या पैकी, डब्याला काठावर पास

आधी निकाल सांगते, मग भांडण. ससा विणायच्या सामानाचा हा ऑनलाइन मागवलेला डबा साडेचौदाशे रुपयांना घेऊ नका. त्यातला विणायचा नमुना मात्र जरूर घ्या. तोच नमुना त्याच साइटवर साडेतीनशेला सुटा मिळतो, फक्त तो सापडेपर्यंत पान बरंच खाली सरकवावं लागतं. लोकर, सुया, आत भरायचा फायबर हे सगळं जळगावात उभ्या उभ्या मिळतं, आणि डब्यातल्यापेक्षा चांगलं मिळतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. असे संच विकणाऱ्या ढीगभर आहेत, आणि वरचं चित्र सोडलं तर आतला माल सगळ्यांचा एकाच ठिकाणाहून येत असावा असा मला दाट संशय आहे.

मी अमळनेरची. दोन सुयांचं विणकाम शाळेपासून करते. स्वेटर, टोपडी, मोजे, रुखवतातली तोरणं, सगळं झालं. खेळणी कधी विणली नव्हती. भाचीची मुलगी दहा महिन्यांची आहे, नाशकात असते. तिच्यासाठी ससा करावा म्हटलं. माझं बघून शेजारच्या सुनेने त्याच कंपनीचं अस्वल मागवलं. त्यामुळे हे परीक्षण एका डब्याचं नाही, दोन डब्यांचं आहे, आणि दोघींनी केलं ते वेगवेगळ्या रीतीने, म्हणून डब्यात नेमकं काय चुकलंय ते नीट कळलं.

डब्यात निघालं ते असं: राखाडी लोकरीचे दोन गुंडे, पांढऱ्याचा अर्धा, नाकापुरता गुलाबी धागा, बांबूच्या सुयांची एक जोडी, शिवायची बोथट सुई, प्लॅस्टिकचे काळे डोळे, पिशवीत दाबून भरलेला फायबर आणि आठ पानांची छापील पुस्तिका. दिसायला छान. रिबीन बांधलेली. रिबिनीचे पैसे आपणच देतो हे विसरू नये.

आता मुख्य तक्रार. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, सुया ३.२५ मिलिमीटरच्या घ्या. डब्यात सुया आहेत ४ मिलिमीटरच्या. छापण्यातली चूक म्हणावी तर तसंही नाही, कारण शेजारच्या अस्वलाच्या डब्यातही तेच. मग लोकरीच्या गुंड्यावरची कागदी पट्टी वाचली आणि उलगडा झाला. त्या जाडीच्या लोकरीवर कारखाना ‘४ मिमी सुई’ असं छापतो, कारण तो स्वेटरचा हिशेब असतो. डबा भरणाऱ्याने पट्टी वाचून सुया टाकल्या, पुस्तिका उघडलीच नाही. खेळण्याला सुई नेहमी पट्टीवर लिहिलेल्यापेक्षा बारीक घ्यायची असते. स्वेटर अंगावर झुलायला हवा, म्हणून वीण सैल. खेळण्यात आतून फायबर दाबून भरायचा असतो, वीण घट्ट नसेल तर टाक्याटाक्यातून पांढरं डोकावतं.

मी एक पाय डब्यातल्या सुयांवर विणला आणि दुसरा माझ्या जुन्या दहा नंबरवर, म्हणजे ३.२५ मिलिमीटरच्या सुयांवर, मुद्दाम, शेजारी ठेवून बघायला. दहा नंबरवर दहा सेंटिमीटरमध्ये २६ टाके बसले, डब्यातल्या सुयांवर २२. आकड्यात फरक चारच टाक्यांचा, पण खेळणं लांबी, रुंदी, जाडी तिन्ही बाजूंनी वाढतं. पुस्तिकेतला २४ सेंटिमीटरचा ससा डब्यातल्या सुयांवर २८ च्या पुढे जातो. टाके तेवढेच, पण प्रत्येक टाका मोठा, म्हणून लोकर जास्त जाते. आणि आतली पोकळी तर दीडपटीहून जास्त होते. फायबर मात्र लहान सशाच्या मापाने मोजून दिलेला.

शेजारच्या सुनेने अस्वल सगळंच्या सगळं डब्यातल्या सुयांवर केलं. तिची काहीच चूक नाही, साडेचौदाशे भरल्यावर डब्यातलीच सुई वापरणार ना माणूस! दुसऱ्या कानाला लोकर संपली आणि पोट भरता भरता फायबर. अस्वल उपाशी. बसवलं की पुढे मान टाकायचं. माझ्या सशाला दोन्ही पुरलं, वर थोडी लोकर उरली. म्हणजे नमुना काढणारीने माप अगदी बरोबर दिलं होतं. तिचं नाव पुस्तिकेत बारीक अक्षरात शेवटच्या पानावर आहे, डब्यावर कुठेच नाही.

सुयांच्या नंबराबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ऑनलाइन नमुने घेणाऱ्या सगळ्यांना ती लागेल. आपल्याकडे दुकानात अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात. आठ नंबर म्हणजे ४ मिमी, दहा म्हणजे ३.२५, अकरा म्हणजे ३. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकी नंबर बरोबर उलटे, नंबर वाढला की सुई जाड. या पुस्तिकेत कंसात ‘यू.एस. ३’ असंही आहे. तो कागद दाखवून कोणी दुकानात ‘तीन नंबर द्या’ म्हणालं, तर हातात साडेसहा मिलिमीटरचे सोटे येतील. नेहमी मिलिमीटर सांगा. जुन्या सुयांवरचे आकडे पुसले असतील तर दुकानदाराकडे भोकांची पट्टी असते, तिच्यात घालून बघा.

आता कौतुक, आणि ते मनापासून. मी आजवर मैत्रिणींच्या वह्यांतून आणि मासिकांच्या दिवाळी अंकांतून नमुने उतरवून घेतलेत. त्यात ‘पुढे याप्रमाणे टाके वाढवत जावे’ असं एक वाक्य हमखास असतं आणि त्या ‘याप्रमाणे’त विणणारीची रात्र जाते. या पुस्तिकेत प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात आकडा आहे: आता सुईवर इतके टाके असायला हवेत. मोजायचे, जुळले तर पुढे, नाही तर तीच ओळ उकलायची. नमुना चांगला की वाईट हे मी आता एवढ्यावरून ठरवते. विकत घेण्याआधी साइटवर नमुन्याचं एखादं पान दाखवलेलं असतं, त्यात ओळीच्या शेवटी आकडा नसेल तर पैसे घालू नका.

भाषा इंग्रजी आहे आणि तीही लघुलिपीत. ‘के’ म्हणजे सुलट, ‘पी’ म्हणजे उलट, ‘के टू टॉग’ म्हणजे दोन टाके एकत्र सुलट, ‘एम वन’ म्हणजे एक टाका वाढवा. पहिल्या पानावर यादी आहे. मी ती वहीत मराठीत उतरवून समोर चिकटवली, दुसऱ्या पायापर्यंत तिच्याकडे बघायची गरज उरली नाही. इंग्रजीची भीती वाटून हा नाद सोडू नका, सगळी मिळून वीस-बावीस अक्षरं आहेत.

डोकं कसं घडतं ते जरा सविस्तर सांगते, कारण खरा कस तिथे आहे. मागच्या बाजूने आठ टाक्यांवर सुरुवात. पुढच्या ओळीत प्रत्येक टाक्याचे दोन, झाले १६. मधे एक उलट ओळ. मग एकाआड एक टाका वाढवून २४, मग दर तिसऱ्याला ३२, असं ४८ पर्यंत. तयार होते ती सपाट चकती नाही, वाटी. इथपर्यंत कोणीही लिहील. पुढे नमुना काढणारीने मधल्या १६ टाक्यांवरच पाच-सहा अर्धवट ओळी घातल्यात: ओळ पूर्ण न करता मधूनच सुई फिरवायची आणि परत यायचं. मोज्याची टाच ज्यांनी विणली आहे त्यांना हे लगेच कळेल, तीच युक्ती. कडेचे टाके तिथल्या तिथे थांबतात, मधले वाढत राहतात, म्हणून मधला भाग फुगतो. सशाचे गाल त्यातून निघतात. त्यानंतर नाकाकडे उतरताना दोन-दोन टाके एकत्र विणून कमी करायचे, तेही दोन तऱ्हांनी. डाव्या गालाला उजवीकडे कलणारी जोडी, उजव्या गालाला डावीकडे कलणारी. दोन्हीकडे एकाच तऱ्हेची जोडी घेतली असती तरी आकडा जुळला असता, पण तोंड वाकडं झालं असतं. शेवटी उरलेल्या आठ टाक्यांतून धागा ओवून ओढला की नाकाचा शेंडा मिटतो. मी हे विणत असताना शेजारच्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. कान अजून लावायचे होते. बघून म्हणाल्या, ‘‘माय वं, हाऊ ससा शे का उंदीर?’’ कान लावल्यावर मात्र ससाच म्हणाल्या.

नमुन्यात कमी एकच: जोडणीला अर्धं पान दिलंय. आठ तुकडे विणणं हे अर्धं काम, ते शिवणं उरलेलं अर्धं, आणि नवख्यांचं खेळणं शिवणीतच बिघडतं. कान डोक्याच्या शेंड्यापासून कितव्या ओळीवर लावायचे ते लिहिलंय, ते उत्तम. पण शिवण कोणती घालायची याबद्दल ‘कडा शिवून घ्या’ एवढंच. सुलट बाजू वर ठेवून दोन्ही कडा शेजारी मांडायच्या, कडेचा टाका आणि त्याच्या आतला टाका यांच्यामधली आडवी दांडी आळीपाळीने उचलत जायची, आणि थोड्या थोड्या वेळाने धागा ओढायचा. शिवण आत गडप होते. कडांवर वेढे घालून शिवलं तर बाहेरून वरंबा दिसतो. हे पुस्तिकेत चित्रासकट हवं होतं. सुटे तुकडे ‘वाफेवर सपाट करून घ्या’ असंही एक वाक्य आहे, ते तर डब्यातल्या लोकरीला लागूच नाही. का ते सांगते.

साइटवर लिहिलंय ‘मऊ लोकर’. मी टोकाचा धागा तोडून जाळून बघितला. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. हा धागा वितळला, टोकाला काळा कडक मणी झाला आणि वास प्लॅस्टिकचा. म्हणजे ॲक्रिलिक. ॲक्रिलिक वाईट असं मी म्हणत नाही. बाळाच्या खेळण्याला तेच बरं, धुतलं की आटत नाही, कसर लागत नाही. आपल्या बाजारातही लोकर म्हणून बहुतेक तेच विकतात. पण ॲक्रिलिकवर इस्त्री किंवा कडक वाफ आली की धाग्यातला जीव जातो, वीण लोळागोळा होते आणि परत उभी राहत नाही. लोकर म्हणून विकायचं, लोकरीसारखं वागवायला सांगायचं आणि द्यायचं ॲक्रिलिक, हे बरोबर नाही. शिवाय बांबूच्या सुया. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, घामेजल्या हाताने ॲक्रिलिक बांबूवर सरकत नाही, करकरतं. ॲल्युमिनियमच्या सुयांवर बरं चालतं.

आता आतल्या भरणाकडे. अस्वलाचा फायबर संपला तेव्हा शेजारच्या आजींनी रास्त प्रश्न विचारला, घरात कापूस असताना हे प्लॅस्टिक कशाला विकत आणायचं? आपला मुलूखच कापसाचा. त्यांनी गादीवाल्याकडून पिंजलेली रुई आणली आणि अस्वल ठासून भरलं. झकास दिसलं. वजन आलं, मान सरळ झाली, बूड टेकून बसायला लागलं. पोराने त्यावर वरणभात सांडला आणि ते धुवावं लागलं, तेव्हा फरक कळला. रुई पाणी धरून बसते. बाहेरून कोरडं वाटलं तरी आत ओल राहिली, कुबट वास आला, आणि वाळल्यावर पोटात गुठळी झाली जी कितीही चोळली तरी मोडेना. फायबर पिळून वाऱ्यावर टांगला की संध्याकाळपर्यंत कोरडा आणि पुन्हा फुगलेला. कपाटात बसवायचं खेळणं असेल तर रुई खुशाल भरा, फक्त सरकीचे तुकडे निवडून काढा, ते विणीतून टोचतात. लाळ गाळणाऱ्या बाळाच्या हातात द्यायचं असेल तर फायबरच. तो भरताना गोळे करून कोंबायचा नाही, बोटभर पुंजके सोडवून उलट्या पेन्सिलीने आधी पायाच्या टोकाशी, मग वर. नाहीतर पायात गाठी दिसतात.

डोळ्यांवर माझा खरा राग आहे. डब्यावर चित्र कसलं, तर रांगत्या बाळाने ससा उराशी धरलाय. डब्याच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात, तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही. हे प्लॅस्टिकचे डोळे मागून चकती दाबून बसवतात, एकदा बसले की निघत नाहीत, म्हणून त्यांना ‘सेफ्टी’ म्हणायचं. कापडी खेळण्यात बसत असतील घट्ट. विणलेल्या कापडात टाका ताणला जातो, चकतीसकट डोळा टाक्यातून सरकू शकतो, आणि दात येणारं पोर नेमका तोच चावतं. मी डोळे डब्यातच ठेवले आणि काळ्या धाग्याने भरले. गाठीचा टाका घालून त्याभोवती दोन वेढे, कोपऱ्यात पांढऱ्याचा एक ठिपका. लहान बाळासाठी करत असाल तर दुसरा विचार करू नका.

कंपनीला सुयांबद्दल ईमेल केला. उत्तर लगेच आलं: तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. सुयांबद्दल अक्षर नाही. पार्सल मात्र वेळेत आलं आणि व्यवस्थित बांधलेलं होतं, ते मान्य.

आता खऱ्या दुकानाबद्दल. अस्वलाच्या कानासाठी राखाडी लोकर हवी होती म्हणून आम्ही दोघी जळगावला गेलो. फुले मार्केटच्या बाजूला लोकर-दोऱ्यांचं एक अरुंद दुकान आहे, फळीवर लुधियानाचे गुंडे रंगवार लावलेले. काका आधी विचारतात, कशासाठी हवी. खेळण्यासाठी म्हटल्यावर त्यांनी सुयांचा डबा पुढे केला. ‘‘ताई, अकरा नंबर घ्या, हात सैल असेल तर बारा.’’ डबा भरणाऱ्याने एवढं जरी विचारलं असतं! रंग मात्र तंतोतंत जुळला नाही. रंगाईच्या प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाला, छटा बदलते, म्हणून काकांनी एका पट्टीवरचा लॉट नंबर बघून दोन्ही गुंडे एकाच लॉटचे दिले आणि दोन्ही कान नव्याने करा म्हणाले. अस्वलाचे कान आता अंगापेक्षा गडद आहेत, मुद्दाम केल्यासारखे दिसतात. लोकर, सुया आणि अर्धा किलो फायबर मिळून पाचशेच्या आत आलं. त्यात सुटा नमुना धरला तरी साडेआठशे, आणि फायबर एवढा उरला की आणखी चार ससे होतील. फक्त जायचं ते नवरात्र ते संक्रांत या दिवसांत. उन्हाळ्यात काका लोकर माळ्यावर टाकतात आणि पुढे लेस-फॉल मांडतात, तेव्हा चार रंगसुद्धा मिळायची मारामार.

एक सूचना मागवणाऱ्यांना. साइटवर शोधात यावं म्हणून कंपन्या ‘निटिंग’ आणि ‘क्रोशे’ दोन्ही शब्द टाकतात. हल्ली नेटवर दिसणारी गोल डोक्याची जपानी पद्धतीची खेळणी बहुतेक क्रोशाची असतात. एकाच आकड्याने (हुकाने), ‘मुका खांब’ नावाच्या बुटक्या टाक्यावर, गोल गोल चढत जायचं. शिवण कमी, अंग कडक. सुयांवरचं खेळणं मऊ आणि ताणणारं, पण तुकडे जोडावे लागतात. तुम्हाला जे येतं तेच डब्यात आहे ना, हे फोटोतली वीण मोठी करून बघा.

बचत गटातल्या बायकांनी ससा बघून विचारलं, विकायला करूया का? दोन गोष्टी आड येतात. पुस्तिकेच्या मागे स्पष्ट लिहिलंय, यावरून केलेल्या वस्तू विकायच्या नाहीत. काही नमुनेवाल्या थोड्या संख्येत विकायची परवानगी देतात, ते आधी वाचावं. दुसरं, १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आपल्याकडे आय.एस.आय. चिन्ह सक्तीचं आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे, म्हणजे आधी नोंदणीच्या मागे लागा.

त्या साइटवर मी पोळ्यासाठी बैल शोधला. बैल नाही. गाय आहे, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, विलायती, पाठ सपाट. तिचा सुटा नमुना घेतलाय. वशिंड गालांसारखंच अर्धवट ओळींवर निघेल, खांद्याशी बारा टाक्यांवर करून बघणार आहे. शिंगं आत तार न घालता उभी कशी ठेवायची ते कोणाला माहीत असेल तर खाली सांगा.